मोजणीचा काटा आणि दोघी जावा

रंगूबाईनं लोखंडी नटांच्या ढिगात हात घालून मूठ भरली की त्या मुठीत पाचच नट असत. चार नाहीत, सहा नाहीत. बघायची गरज नसे. सांगलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या नट-बोल्टच्या कारखान्यात कुणी नवा माणूस आला की त्याला आधी रंगूबाईसमोर उभं करत. ती डोळे मिटून मूठ भरायची, त्याच्या नाकासमोर धरायची आणि म्हणायची, "मोज बाबा." तो मोजायचा, पाचच भरायचे, आणि बाकीच्या बाया खिदळायच्या. रंगूबाई स्वतः हसत नसे. टाळी पडली तरी तिच्याकडं लक्ष न देता गायकानं पुढचं पद म्हणावं, तशी ती दुसरी मूठ भरायला घ्यायची.

ती मूळची आटपाडीकडची. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून हात सोलले, तेव्हा नवऱ्याला, मानसिंगला, घेऊन ती सांगलीला आली. मानसिंग मार्केट यार्डात हळदीची पोती वाहू लागला आणि ती नट मोजू लागली. मोजायची रीत तिनं माहेरच्या खळ्यावरून आणलेली. ज्वारी मापताना तिची आई पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणे. रंगूबाईही पहिल्या मुठीला 'लाभ' म्हणायची आणि मग दोन, तीन, चार. त्या आवाजाला अशी लय होती की शेजारच्या लेथवरचे गडीसुद्धा त्या तालावर चाक फिरवायचे.

कारखान्याचे मालक आप्पासाहेब तिला 'रंगूबाई' असं पूर्ण नावानं हाक मारत. बाकीच्या बायांना नुसतं 'ए बाई'. एवढ्याशा फरकावर रंगूबाई ताठ मानेनं जगत होती.

तिची धाकटी जाऊ अंजना साताऱ्याकडची. तिचा नवरा, म्हणजे रंगूबाईचा धाकटा दीर अर्जुना, फौजेत. तो सरहद्दीवर आणि ही सासरी एकटी, म्हणून ती थोरल्या जावेजवळ सांगलीला राहायला आली. गोरी, सडपातळ, बोलायला गोड, आणि सातवी पास. कारखान्यात तिला चिकटवली ती रंगूबाईनंच. "आमची धाकटी हाय. शिकवीन मी तिला," असं आप्पासाहेबांना सांगताना रंगूबाईला केवढं मोठेपण वाटलं होतं. अंजनाला पाचाची मूठ काही जमेना. कधी चार, कधी सात. रंगूबाई सगळ्यांदेखत म्हणायची, "आगं, हात हाय का सूप?" आणि आतून सुखावायची.

चौऱ्याहत्तर साली, दसऱ्याच्या थोडं आधी, कारखान्यात मोजणीचा काटा आला.

साताऱ्याहून हंबीरराव नावाचा काटे बसवणारा मिस्त्री तो घेऊन आला. जाड मिशांचा, खाकी शर्टाचा माणूस. खोकं उघडलं तेव्हा सगळा कारखाना भोवती गोळा झाला. आत हिरव्या रंगाचं लोखंडी धूड. एका बाजूला पोतं मावेल एवढं मोठं ताट, दुसऱ्या बाजूला वाटीएवढं छोटं पारडं, आणि वर काचेमागे तबकडी आणि लांब काळा काटा.

हंबीररावानं टेबल हलवून पाहिलं, पायाखाली पत्र्याचा तुकडा सारला. काट्याच्या बुडाला एका नळीत पाण्याचा बुडबुडा होता. स्क्रू फिरवत फिरवत त्यानं तो बुडबुडा बरोबर मधोमध आणला. पंखा बंद करायला लावला. मग बाजूची खुंटी फिरवून काळा काटा शून्यावर उभा केला आणि सगळ्यांकडं वळला.

"आता बगा. ह्या छोट्या पारड्यात म्या दहा नट टाकतो. आता मोठ्या ताटात नट वतत ऱ्हायचं. काटा परत शून्यावर आला, की ताटात हजार झालं. हितला एक, तितलं शंभर. मोजायचं काम न्हाई."

"आन् चुकलं तर?" कुणीतरी विचारलं.

"ह्यो चुकत न्हाई, माणूस चुकतं. छोटं पारडं लय नाजूक हाय. चिमणीचं पीस जरी त्यात पडलं, तरी तिकडं शंभर पिसांचा फरक. रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी रिकामा काटा शून्यावर आणायचा. एवढं पाळलं की झालं."

त्यानं नट ओतले. काटा थरथरला, सरकला, शून्यावर येऊन थांबला. आप्पासाहेब म्हणाले, "रंगूबाई, मोजा बघू." रंगूबाईनं मुठी भरल्या. सारा कारखाना भोवती उभा. हजार भरले. ना एक कमी, ना एक जास्त. तिला मोजायला लागला तेवढ्या वेळात हंबीररावाचा चहा पिऊन पानसुद्धा लावून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी काट्यावर कोण बसणार ते ठरायचं होतं. रंगूबाई ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून आली. कुणी विचारलं तर सांगायला कारणही तयार होतं, की दुसरं वाळलं न्हाई. काट्यासमोर एक उंच स्टूल ठेवलं होतं. बाया इतकी वर्षं जमिनीवर गोणपाट टाकून बसत; स्टुलावर कुणी बसलं नव्हतं.

हंबीररावानं विचारलं, "आकडं वाचाया कुणाला येत्यात?"

बाया एकमेकींकडं बघू लागल्या. अंजनानं हळूच हात वर केला.

"ये गं, बस," आप्पासाहेब म्हणाले. बस्स, एवढंच. नाटकात एखादीला वर्षानुवर्षं नायिकेचं काम पाठ असावं, आणि पडदा उघडताना दुसरीच तिच्या जागी उभी दिसावी, तसं रंगूबाईचं झालं. अंजना पदर खोचून स्टुलावर बसली. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. रंगूबाईला ते लोंबकळते पायच दिसत राहिले.

घरी एकच चूल. रंगूबाई भाकरी थापायची, अंजना भाजायची. पूर्वी भाकरी करपली की रंगूबाई म्हणायची, "बघ गं जरा." आता म्हणू लागली, "हिकडं बी काटा लावायचा का? कवा उलटायची ते सांगंल." मानसिंग एकदा जेवता जेवता म्हणाला, "यार्डात समदी इचारत्यात, तुमच्या घरची बाई म्हणं मशीन चालिवती." रंगूबाईनं त्याच्या ताटात कालवण असं आदळलं की रस्सा धोतरावर उडाला.

"आगं, म्या काय केलं?"

"काय न्हाई. जेवा."

खंडेनवमी आली. त्या दिवशी कारखाना धुऊन पुसून सगळ्या मशीनांची पूजा होई. लेथ, ड्रिल, आप्पासाहेबांची स्कूटर, तिजोरी, साऱ्यांना हळद-कुंकू आणि झेंडूची फुलं. सांगलीत हळदीला काय तोटा! अंजना रंगूबाईजवळ आली. "आक्का, काट्याची पूजा तुमच्या हातची पायजे. तुमी थोरल्या."

पोरीनं खरंच मनापासून म्हटलं होतं. रंगूबाईला ते कळलं आणि त्याचाच तिला अधिक राग आला. पण पूजा तिनं सोडली नाही. हळद पाण्यात चांगली दाट कालवली आणि छोट्या पारड्याच्या बाहेरच्या अंगाला पाच बोटं ओढली, त्यावर ओल्या कुंकवाची पाच. स्टूल नाही तर नाही, निदान आपल्या बोटांची खूण तरी त्या हिरव्या धुडावर राहील. मग ती थोरलेपणाच्या आवाजात म्हणाली, "हे बघ, रोज सकाळी अशीच बोटं लावायची. आदी पूजा, मग काम. म्हंजी मशीन रुसत न्हाई."

"बरं आक्का."

आणि अंजना तशी वागू लागली. रोज सकाळी हातपाय धुऊन यायची, पारड्यावर हळद-कुंकवाची बोटं ओढायची, नमस्कार करायची, मग खुंटी फिरवून काटा शून्यावर आणायची आणि कामाला लागायची. येता-जाता रंगूबाई ती बोटं बघायची. आपल्या सांगण्यावर ही चालते, एवढाच काय तो गारवा.

दिवाळी जवळ आली आणि साताऱ्याच्या गिऱ्हाइकाकडून तक्रार आली. त्यांचा पंपांचा कारखाना होता. पोत्यात हजार नट म्हणता आणि आठ-नऊ कमी भरतात, असं त्यांचं म्हणणं. आप्पासाहेब अंजनावर कडाडले. ती रडकुंडीला आली. "रोज शून्यावर लावती मालक, आईची आण."

रंगूबाईच्या अंगात त्या दिवशी वारं शिरलं. बघा, काटा खोटा, हात खरा! जेवणाच्या सुटीत ती एकटीच गोदामात गेली आणि सकाळी भरलेलं एक पोतं सोडून मोजायला बसली. लाभ, दोन, तीन. हजार पुरे भरले. तिचा चेहरा पडला. संध्याकाळी तिनं उन्हं कलल्यावर भरलेलं पोतं सोडलं. त्यात नऊ कमी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सकाळी पुरे, दुपारनंतर कमी.

आता हे काय गौडबंगाल? ती पाणी प्यायच्या निमित्तानं काट्याजवळ जाऊन उभी राहिली. अंजना मान खाली घालून नट ओतत होती. पारड्यावरची सकाळची ओली बोटं आता वाळून भेगाळली होती. खाली टेबलावर पिवळी-तांबडी पूड पडली होती. अंजनानं पारडं हलवलं आणि आणखी एक पापुद्रा सुटून खाली पडला.

चिमणीचं पीस.

रंगूबाईच्या हातातला पेला तसाच राहिला. सकाळी ओल्या कुंकवासकट काटा शून्यावर लागायचा. दिवसभरात पाणी वाळायचं, पापुद्रे झडायचे, पारडं हलकं व्हायचं. हितं रतीभर कमी, तितं शंभर रती कमी. म्हणजे नट कमी. आणि कुणाला दिसत कसं नव्हतं? अहो, दिसणार कसं! कारखान्यातल्या प्रत्येक मशीनला कुंकू होतं. भिंतीचा रंग कुणी बघतं का?

तिला सांगता आलं असतं. तिथंच, त्या क्षणी. पण ती पेला ठेवून आपल्या गोणपाटावर जाऊन बसली. मनात एक गोड, काळी कळ उठत होती. अंजना उतरली की स्टुलावर बसवणार कुणाला? आकडे वाचायचे ते काय, शून्य तर वाटोळं असतं. ते ओळखायला शाळा कशाला? त्या रात्री तिनं भाकऱ्या थापताना चक्क ओवी म्हटली. मानसिंगनं दचकून विचारलं, "बरं हाय न्हवं तुला?"

अंजना जेवली नाही. कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. "आक्का, माझं काय चुकतंय?" तिनं एकदाच विचारलं. रंगूबाई म्हणाली, "मला आडाणीला काय कळतंय?"

अखेर आप्पासाहेबांनी साताऱ्याहून हंबीररावाला बोलावलं. तो आला दुपार उलटून गेल्यावर. बुडबुडा पाहिला, खुंटी फिरवून काटा शून्यावर घेतला, दहा नट टाकले, ताटात ओतले. रंगूबाईला मोजायला सांगितलं. हजार पुरे भरले. भरणारच, कुंकू एव्हाना वाळून खडखडीत झालं होतं आणि शून्य त्यानं आत्ताच लावलं होतं.

"काट्यात कायबी खोट न्हाई आप्पासाहेब," हात झटकत हंबीरराव म्हणाला. "बाई शून्य नीट लावत नसंल. ध्यान कुठंतरी दुसरीकडं असंल."

"नवरा फौजेत, ध्यान तिकडंच असणार," लेथवरून कुणीतरी बोललं आणि हशा झाला. अंजनाचा चेहरा पांढरा पडला.

रंगूबाईनं पदर सावरला. आता आप्पासाहेब तिला हाक मारणार. तिनं कपाळावरचा घामसुद्धा पुसून घेतला.

आप्पासाहेब म्हणाले, "चुकलं माझंच. बायकांचं काम नव्हं हे. उद्यापासनं आमचा भाऊसो बसंल काट्यावर. तुमी दोघी बी मुठीवर या."

भाऊसो म्हणजे आप्पासाहेबांच्या मेव्हण्याचा मुलगा. कपाळावर केसांचा कोंबडा, खिशात कंगवा आणि दुपारभर गोदामात पोत्यांवर झोप. तो पुढं आला, स्टुलावर ऐटीत बसला, काचेत स्वतःचं तोंड बघून त्यानं कोंबडा नीट केला आणि अंजनाला म्हणाला, "वैनी, जरा पाणी आना की प्यायला."

रंगूबाईच्या डोक्यात काहीतरी फाटकन तुटलं. त्या स्टुलावर अंजना बसली तेव्हा तिचं काळीज जळलं होतं खरं. पण ते जळणं घरातल्या चुलीचं होतं. हा भाऊसो? ह्याला तर मूठ म्हणजे काय तेसुद्धा ठाऊक नाही! आणि आमच्या घरची पोर ह्याला पाणी आणून देणार?

"ऊठ रं," ती म्हणाली.

"आं?"

"ऊठ म्हणती न्हवं स्टुलावरनं! हंबीरराव, हिकडं या. ती हळद-कुंकवाची बोटं दिसत्यात का पारड्यावर?"

"दिसत्यात की. पूजा केलेली."

"ती ओली लावा. मग शून्य लावा. मग वाळू द्या, आन् मग बगा तुमचा काटा खरा का खोटा ते."

हंबीररावानं हळदीची वाटी मागून घेतली, बोटं ओढली, शून्य लावलं, आणि पारडं जागेवरच ठेवून पंखा सोडला. सगळे उभेच. आप्पासाहेबसुद्धा. हळद फिकी होत गेली, कडा उकलल्या. पंखा बंद केला तेव्हा रिकाम्या पारड्याचा काळा काटा शून्यावरून सरकून एका अंगाला उभा होता.

"आयला!" हंबीरराव पुटपुटला. "म्हंजी बाईचं शून्य बरोबर हुतं. पूजा शून्याच्या आदी हुत हुती."

"ही रोजची पूजा सांगितली कुणी तिला?" आप्पासाहेबांनी विचारलं.

इथं रंगूबाईला गप्प राहता आलं असतं. अंजना काही बोलली नव्हती. ती बोलणारही नव्हती. ती नुसती थोरल्या जावेकडं बघत होती.

"मी," रंगूबाई म्हणाली. "पूजा मीच सांगितली. आन् त्येनं नट कमी पडत्यात ह्ये मला चार दिस झालं ठावं हाय. बोलली न्हाई. जळत हुती हिच्यावर. आता बोलली, कारण ह्यो कोंबडेवाला त्या स्टुलावर बगवला न्हाई मला."

भाऊसोनं कंगवा खिशात घातला. आप्पासाहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले, "अंजनाबाई, बसा जागेवर. कुंकू टेबलाला लावा, पारड्याला नको." पहिल्यांदाच ते तिला पूर्ण नावानं बोलले. तेही रंगूबाईनं ऐकलं, आणि तेही खुपलं.

संध्याकाळी दोघी नेहमीच्या रस्त्यानं घरी निघाल्या. अंजना चार पावलं पुढं. माधवनगरच्या बाजूनं आगगाडीची शिट्टी आली, गेली. घर जवळ आलं तेव्हा अंजना थांबली.

"आक्का, मी रात-रात रडत हुती. तुमी ओव्या म्हणत हुता."

"व्हय," रंगूबाई म्हणाली.

"मला सासू न्हाई. तुमालाच मानलं मी."

"व्हय गं."

अंजनानं डोळे पुसले आणि मग एकदम फणकाऱ्यानं म्हणाली, "एवढंच स्टूल पायजे हुतं, तर मागायचं तोंडानं! शिकवलं असतं मी."

"तू? मला शिकवनार?"

"का, म्या तुमच्याकडनं शिव्या न्हाई खाल्ल्या मूठ शिकताना? आता तुमची पाळी."

आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुटीत अंजनानं थोरल्या जावेला स्टुलावर बसवलं. बुडबुडा दाखवला, खुंटी दाखवली, तबकडीवरचे आकडे बोटानं गिरवून घेतले. रंगूबाईचे पाय जमिनीला टेकत होते. पहिल्या दिवशी तिनं खुंटी उलटी फिरवली, तेव्हा अंजना सगळ्यांदेखत ओरडली, "आवं आक्का, हात हाय का सूप?" बाया हसून हसून लोळल्या. रंगूबाईनं ते गिळलं.

मत्सर गेला का? छे. तो असा निरोप घेऊन जाणारा पाहुणा नव्हे. पण झालं काय, की रंगूबाईच्या हाताला ओतण्याचा अंदाज होता. अंजना नट ओतायची तेव्हा काटा शून्याच्या पुढं जाई, मग काढा, घाला, पुन्हा काढा. रंगूबाईची ओंजळ आपोआप आवरती व्हायची. शेवटचे चार नट बोटांतून एकेक सुटायचे आणि काळा काटा शून्यावर येऊन गपकन थांबायचा. दिवाळीनंतर गाडी दारात उभी आणि माल घाईचा, अशा एका दिवशी आप्पासाहेब आतूनच ओरडले, "रंगूबाई, आज काट्यावर तुमी बसा. अंजनाबाईला वेळ लागतो."

अंजना स्टुलावरून उतरली. "बसा आक्का," ती गोड आवाजात म्हणाली. पण तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, आणि तोंडभर सुपारी चावत असल्यासारखा जबडा हलत होता. गोणपाटावर बसताना तिनं नटांचं घमेलं जरा जास्तच जोरात ओढलं.

रंगूबाईनं तो चेहरा पाहिला. दसऱ्यापासून तिनं स्वतःच तो तोंडावर वागवला होता. तिला ओळख पटायला वेळ लागला नाही. आजवर तिच्या मुठीवर कितीकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, पण तिच्यावर अशी मनापासून जळणारी पहिलीच ही. तिला अंजनाची दया आली, माया आली, आणि त्याहून कितीतरी जास्त, अगदी पोटातून, लय बरं वाटलं.

तिनं लुगड्याचा काठ नीट केला, स्टुलावर जरा आणखी ताठ बसली, आणि गाडीवाला बाहेर भोंगा वाजवत असताना पुढचं पोतं मुद्दाम सावकाश ओतायला घेतलं.